साळवे बाईंचा डावा हातमोजा

आमच्या शाळेत डिसेंबरचा दुसरा आठवडा क्रीडासप्ताहाचा. त्या आठवड्यात शिवणवर्गाकडे कुणी फिरकत नाही, म्हणून मी कपाटं आवरायला काढली होती. साडेदहाच्या सुमाराला नववीच्या चार पोरी धापा टाकत दारात आल्या. "बाई, चला लवकर. साळवे बाई ग्राउंडवर पडल्यात." माझ्या तोंडून निघून गेलं, "पडल्यात तर उठतील. हिमालयात पडून उठलेली बाई आहे ती." एरवी अशा बोलण्यावर पोरी फिदीफिदी हसतात. त्या हसल्या नाहीत, तेव्हा मी हातातली कात्री ठेवली आणि चपला न घालताच धावले. खो-खोचं मैदान आखायचं काम चाललं होतं. विमल पालथी पडली होती. फक्कीचं डबडं तिच्या उशाशी कलंडलं होतं आणि मधली पांढरी रेघ सरळसोट येऊन तिच्यापाशी थांबली होती. सतरा वर्षांत तिची रेघ कधी वाकडी आली नाही, त्या दिवशीही आली नव्हती. जीप करून नगरला न्यायला निघालो, पण विळद घाटातच सगळं संपलं. मेंदूत रक्तस्राव झाला, त्यांना काही कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. चव्वेचाळीसाव्या वर्षी, आयुष्यात औषधाची एक गोळी न घेतलेली बाई.

त्याला आता सात आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी तिच्यावर काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हणाले. देवळाली प्रवरेसारख्या उसाच्या गावातली पी.टी.ची बाई ब्याण्णव साली हिमालयातल्या मोठ्या शिखराच्या मोहिमेवर गेली, याचं कौतुक पुन्हा एकदा छापून यावं असं मलाही वाटत होतं. आठवड्याभरात लेख द्यायचा होता, पण मध्ये एक गोष्ट कळली आणि लिहायला घेतलेला कागद तसाच राहिला. आता लिहिते आहे ते तिच्याविषयी आहेच, पण त्यात एक दुरुस्ती करायची आहे. ती माझ्याविषयी आहे.

विमल साळवे गावातलीच. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. छप्पन्न साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा विमल वर्षाची होती. "मी रांगत रांगत बौद्ध झाले," असं ती सांगायची. मी इथं लग्न होऊन आले ती पाथर्डीकडून, आणि शिवणाची शिक्षिका म्हणून शाळेत लागले ते तिच्या पाठोपाठ दोन वर्षांनी. पहिल्याच दिवशी तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "पळता येतं का?" मी म्हटलं, मी शिवण शिकवायला आले आहे. "मग बसून बसून पोट सुटंल," असं म्हणून ती शिट्टी वाजवत निघून गेली. मला ती अजिबात आवडली नाही. पुढं सतरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो.

तिचे दोनच कायदे होते. शिट्टी झाली की जिथं असाल तिथं थांबायचं, हा एक. खोटं बोललं तर मैदानाला एक फेरी, हा दुसरा. "बाई, माझं पोट दुखतंय" म्हणणाऱ्या पोरीला ती एवढंच विचारायची, "दुखतंय, का फेरी मारतीस?" बहुतेक जणी मुकाट्यानं फेरी मारायच्या. मी स्वतः एकदा हेडमास्तरांना प्रदर्शनाचे रुमाल तयार आहेत असं दडपून सांगितलं, तेव्हा शाळा सुटल्यावर तिनं मला लुगड्याचा ओचा खोचून एक फेरी मारायला लावली होती. पोरी घरी गेल्या होत्या म्हणून निभावलं.

डोंगराचं वेड तिला कळसूबाईनं लावलं. शाळेची सहल घेऊन गेली होती. शिड्यांपाशी सहा पोरी भ्यायल्या, तर त्यांना एकेक करून पाठीमागून आधार देत तिनं वर नेलं आणि तसंच खाली आणलं. म्हणजे ती एकटीच त्या शिड्या अकरा वेळा चढली-उतरली. परत आल्यावर मला म्हणाली, "शैले, दमले न्हाई गं. उलट थांबावं वाटंना." त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात उत्तरकाशीला जाऊन तिनं महिन्याचं प्रशिक्षण केलं. नाकाची सालं निघालेली, ओठ फुटलेले, अशी परतली आणि मुलींना दोराच्या गाठी शिकवायला लागली. मग पुण्याच्या एका संस्थेचं पत्र आलं. गढवालातल्या, सात हजार मीटरांच्या आतबाहेरच्या एका शिखरावर मोहीम निघणार होती. तिथले अनुभवी गाईड बरोबर असणार, प्रशिक्षण झालेल्या बायकांनाही घेणार. शिखराचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्याचा धड उच्चार मला कधी जमला नाही आणि विमल त्याला 'तो डोंगर' एवढंच म्हणायची.

हेडमास्तरांपुढं रजेचा अर्ज गेला. सुट्टी संपून वर पंधरा दिवस लागणार होते. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "साळवे बाई, एवढ्या वर जाऊन तुम्ही करणार काय?" "खाली येणार, सर," ती म्हणाली. रजा मिळाली, बिनपगारी. घरचं प्रकरण जास्त अवघड होतं. धाकटा भाऊ भास्कर तिच्या शब्दाबाहेर नव्हता, पण तो घाबरला होता. "अक्का, लगीन न्हाई केलंस, आमी काय बोललो न्हाई. पन मरायला डोंगरावर कशाला जायाचं?" असं तो माझ्यासमोर म्हणाला. "मरायला न्हाई रं. बघायला," ती म्हणाली. "आन् गाईड फिर म्हनला की फिरनार. शिट्टी झाली की थांबायचं, मला काय कुनी नव्यानं शिकवायचंय व्हय?"

संस्थेनं सामानाची यादी पाठवली होती. बूट, दोर, कुऱ्हाड, जाड जॅकेट असं मोठं सामान तिकडं भाड्यानं मिळणार होतं. लोकरीचे आतले हातमोजे विकत घेतले. त्यांच्यावरून घालायचे, वारा आणि बर्फ आत येऊ न देणारे मोठे हातमोजे मात्र ज्याचे त्यानं आणायचे होते. नगरच्या बाजारात ते मिळेनात. यादी माझ्यापुढं टाकून विमल म्हणाली, "तू शीव." मी म्हटलं, "अगं, मी पाथर्डीची. आमच्याकडं प्यायला पाणी न्हाई, मला बर्फाचं काय कळतंय?" "तुला कापडाचं कळतंय ना? मग झालं."

मी मनापासून शिवले, हे आधी सांगते. नगरला मिलिटरीचा जुना माल विकणाऱ्या दुकानातून पॅराशूटचं कापड आणलं, आतून लावायला जाड लोकरी ब्लँकेट घेतलं. अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एका पिशवीत, असा तो आकार. माप काढताना मनात आलं, की वर फारच थंडी वाजली आणि हिला आत आणखी एक लोकरी मोजा घालावासा वाटला तर हे घट्ट होतील. म्हणून मी आमच्याकडचे सगळे शिवणारे करतात तेच केलं. आमच्या गावात मुलीचा गणवेश कुणी मापाचा शिवत नाही. पोर वाढणार, कापड रोज घेता येत नाही, म्हणून दोन-तीन बोटं कापड जास्त घ्यायचं, ते आतून दुमडून टीप मारायची आणि पुढच्या जूनला ती दुमड उसवून झगा मोठा करायचा. शिवणाच्या भाषेत याला माया ठेवणं म्हणतात. शिवणवर्गात मी पहिला धडा हाच देते. त्या हातमोज्यांनाही मी मनगटापाशी आतल्या बाजूला चांगली दोन बोटं दुमड ठेवली, आणि निसटू नये म्हणून तिच्यावर तिहेरी टीप मारली. विमलनं हात घालून पाहिले, मूठ उघडझाप केली, दुमड चाचपली. "हे काय गं आत?" "राहू दे. लागलं तर उसव आणि मोठा कर." "मी काय आता वाढनार हाय का?" असं म्हणून ती हसली. मीही हसले. माझी टीप सहजी तुटत नाही, याचा मला तेव्हा फार अभिमान होता... खरं म्हणजे आत्ताआत्तापर्यंत होता.

मे महिन्यात नगर स्टेशनवर मी आणि भास्कर तिला पोचवायला गेलो. पुण्याची मंडळी गाडीत आधीपासून बसलेली होती. माधुरी नावाची बँकेत काम करणारी एक उंच मुलगी दारात उभी होती, तिनं विमलला तिच्या बोजासकट आत ओढलं. मी खारोड्यांचा डबा खिडकीतून दिला. गाडी सुटल्यावर भास्कर म्हणाला, "हातमोजं नीट शिवलंत ना, वहिनी?" मी म्हटलं, "भास्करभाऊ, हात तुटंल पन टीप तुटनार न्हाई." हे वाक्य मला गेले काही दिवस झोपू देत नाही.

ती परतली जूनच्या शेवटी. शाळा सुरू झाली होती. शिवणवर्गाच्या दारात उभी राहिली तेव्हा आधी मी तिचा काळाठिक्कर पडलेला चेहरा पाहिला आणि मग डावा हात. कोपरापर्यंत पांढरं बँडेज. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही पेरं-दोन पेरं काढावी लागली होती. पुण्यात ऑपरेशन करून मगच ती घरी आली होती. कुणाला कळवलंसुद्धा नव्हतं. मी रडायला लागले तर म्हणाली, "गप गं. आठ बोटं धड हायेत." काय झालं ते तिनं तिथंच माझ्या शिलाई मशीनपाशी बसून सांगितलं. शेवटच्या कॅम्पवरून पहाटे निघाले. वारा फार होता. दोराची कडी बदलताना तिनं डाव्या हातातला मोजा क्षणभर काढला आणि तो वाऱ्यानं उडून दरीत गेला. नुसत्या लोकरी मोज्यावर हात गारठला. बोटांना दोर धरता येईना. गाईडनं हात बघितला आणि म्हणाला, बहनजी, बस, वापस. शिखर समोर दिसत होतं, दीडदोनशे हात राहिलं असेल. "मग?" मी विचारलं. "मग काय? शिट्टी झाली. फिरले."

पंधरा ऑगस्टला गावानं तिचा सत्कार केला. तिला तो नको होता, पण गाव ऐकतं थोडंच. माइकवर ती तीनच वाक्यं बोलली. मी वर पोचले नाही, हे पहिलं वाक्य. गाईडचं ऐकलं म्हणून जिवंत परत आले, हे दुसरं. मग तिनं पिशवीतून उजव्या हाताचा मोजा काढून वर धरला आणि म्हणाली, "हा उजवा हात वाचला तो आमच्या शैलाबाईंच्या हातमोज्यामुळं." टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी मला मंचावर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. डावा वाऱ्यानं नेला, पण उजवा माझ्या शिलाईनं वाचवला, ही गोष्ट त्या दिवसापासून माझी झाली. सात वर्षं मी ती हळदीकुंकवाला सांगितली, शाळेच्या तपासणीला सांगितली, एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांगितली. नव्या बॅचच्या मुलींना टीप कशी घट्ट हवी हे शिकवताना तर दरवर्षी सांगितली. विमल समोर असली की ती खिडकीबाहेर बघत बसायची. मला वाटायचं, स्वतःचं कौतुक ऐकून लाजते आहे.

त्या सात वर्षांतल्या तीन गोष्टी मला आता वेगळ्या दिसतात. एक म्हणजे, तो उजवा मोजा तिनं मला पुन्हा कधी हातात दिला नाही. धुऊन देते म्हटलं तर म्हणाली, नको, त्याला डोंगराचा वास हाय. दुसरी गोष्ट संगमनेरच्या दोन गिर्यारोहक मुलींची. सत्काराची बातमी वाचून त्या माझ्याकडे हातमोजे शिवून घ्यायला आल्या. मी कापड बेतायला घेतलं तर विमल तास बुडवून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "दुमड ठेवायची न्हाई. मापाला माप. आत एक सुरकुती दिसता कामा नये." मी म्हटलं, शिवण मी शिकवते का तू? ती तिथून हलली नाही. मोजे तयार झाल्यावर तिनं ते आतून उलटे करून, बोटं फिरवून तपासले आणि मगच त्यांना दिले. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. तिसरी गोष्ट जूनची. दर जूनला माझ्या वर्गात जुन्या गणवेशांचा ढीग पडतो, वाढत्या पोरींचे झगे मोठे करायला. ब्याण्णवनंतर विमल संध्याकाळी येऊन त्या ढिगापाशी बसायला लागली. "उसवायचं माझ्याकडं दे, तू फक्त शीव." अर्धं ब्लेड उजव्या हातात धरून, डाव्या हाताच्या तीन बोटांत कापड ताणून ती एकामागून एक दुमडी उसवायची. मैदानावरून घटकाभर हलायला तयार नसलेली बाई माझ्या खोलीत तासन् तास बसते, याचं मला नवल वाटे. मैत्री म्हणून बसते, असं मी समजत होते.

एकदा असंच उसवता उसवता मी विचारलं, "विमल, दीडदोनशे हात राहिलं, त्याचं वाईट वाटतं का गं?" ती म्हणाली, "वाटतं की. लई वाटतं. पोरींना काय सांगू, न्हाई वाटत म्हनून?" आणि तिनं पुढचा झगा ओढला.

विमलच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम भास्करच्या घरी झाला. भिक्खूंचं वंदन, जलदान सगळं शांतपणे पार पडलं. पुण्याहून माधुरी आली होती, आता केस पिकायला लागलेली. जेवणं झाल्यावर आम्ही सातआठ बायका आतल्या खोलीत बसलो होतो. कुणीतरी विचारलं, आणि मी सुरू झाले. वाऱ्यानं डावा नेला, पण उजवा... माझं सांगून होत आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की माधुरी खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढते आहे. तेवढ्यात भास्करची थोरली मुलगी प्रज्ञा विमलची ट्रंक घेऊन आली. आत्याचं डोंगराचं सामान कुणाला द्यायचं ते माधुरीमावशींनी सांगावं, असं तिचं म्हणणं होतं. प्रज्ञानं ट्रंक उघडली. वर शिट्टी होती, मग दोराचा एक तुकडा, मग जुन्या साडीत बांधलेलं एक बोचकं. तिनं ते सोडलं. आत दोन हातमोजे होते.

"हा तर वाऱ्यानं नेला होता," मी म्हणाले.

मी दोन्ही हातात घेतले. पंचवीस वर्षं कापडात हात असलेल्या बाईला काही सांगावं लागत नाही. उजव्या मोज्यातली मी ठेवलेली दुमड पूर्ण उसवलेली होती. काठ उलटू नये म्हणून काळ्या जाड दोऱ्यानं मोठाले, वाकडेतिकडे टाके घातले होते. ते टाके विमलचे. तिला शिवणातलं तेवढंच येत होतं. डावा मोजा मनगटापासून अंगठ्यापर्यंत चाकूनं फाडलेला होता. आणि चिरलेल्या जागेच्या दोन्ही अंगांना माझी दुमड जशीच्या तशी होती, तिहेरी टिपेसकट. एक टाका निसटला नव्हता.

"शैलाताई, त्यांनी आम्हा सगळ्यांकडून शब्द घेतला होता," माधुरी म्हणाली. "पण आता तुम्ही बघितलंच आहे..." मग तिनं सांगितलं. वरच्या कॅम्पवर सामान पोचवायच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हाच विमलची मनगटं ओली व्हायला लागली. दोर धरायला हात वर केला की भुगा बर्फ त्या दुमडीत खिशासारखा साठायचा, अंगाच्या उबेनं वितळायचा आणि आतलं ब्लँकेट भिजायचं. तिनं ओळखलं. खालच्या कॅम्पवर एक दुपार मोकळी मिळाली तेव्हा ती तंबूबाहेर ब्लेड घेऊन उसवायला बसली. आधी उजवा घेतला. "किती घट्ट शिवलंय त्यांनी, असं म्हणून हसत होत्या. बोटं गारठायची, मग काखेत घालून गरम करायच्या, परत बसायच्या. मी म्हटलं मी करते, तर म्हणाल्या, तुला ही टीप न्हाई जमायची, ही शैलीची टीप हाय. ऊन उतरलं तेव्हा कुठं एक मोजा झाला. डावा उद्या, म्हणाल्या." पण त्याच संध्याकाळी गाईड सांगत आला की हवा दोनतीन दिवसच चांगली आहे, उजाडता निघायचं. मग डाव्याला वेळ मिळालाच नाही. शेवटच्या चढाईत त्या दुमडीत साठलेलं पाणी गोठलं आणि मनगटाभोवती कडं घातल्यासारखं आवळून बसलं. बोटांकडे रक्त जाईना. गाईडनं मागं फिरवून कॅम्पवर आणलं तेव्हा मोजा निघत नव्हता, म्हणून त्यानं चाकूनं फाडला.

"आणि वाऱ्याचं?" मी विचारलं.

"ते त्यांनी तिथंच ठरवलं. म्हणाल्या, शैलीला कळलं तर ती मशीनला हात लावायची न्हाई. आन् मग पोरींना शिवण कोन शिकवनार?"

म्हणजे माझ्या कौतुकाची गोष्ट नेमकी उलटी होती. जो हात वाचला तो तिनं माझी शिलाई उसवली म्हणून वाचला. जिथं माझी शिलाई शाबूत राहिली तिथं तिची दोन बोटं गेली आणि ते दीडदोनशे हातही गेले. मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहिते. मला तिचा राग आला. सात वर्षं तिनं मला बोलू दिलं. भरल्या सभेत शाल घेऊ दिली. एक शब्द बोलली असती तर मी तिच्या पाया पडले असते, भांडले असते, रडले असते, काय ते झालं असतं. आता मी कुणाशी बोलू? मग हळूहळू दुसरंही कळायला लागलं. ती गप्प बसली होती, पण बेसावध बसली नव्हती. संगमनेरच्या मुलींचे मोजे तिनं उलटे करून का तपासले ते कळलं. खोट्याला फेरी लावणारी बाई आयुष्यात एकच खोटं बोलली आणि ते निभवायला दर जूनला माझ्या खोलीत माझ्या दुमडी उसवत बसली. माझ्याविषयी एवढा विचार माझ्या सख्ख्या माणसांनीही केला असेल असं मला वाटत नाही. ती मला किती हवी होती ते आता, ती नसताना, रोज कळतं आहे.

सत्काराची ती शाल त्याच्या घरी देऊन टाकायला मी भास्करकडे घेऊन गेले होते. त्याला सगळं सांगितलं. स्टेशनवर मी काय म्हणाले होते त्याची आठवणही करून दिली. "आमास्नी म्हाईत हुतं, वहिनी," तो म्हणाला. "अक्कानं पयल्याच दिवशी सांगितलं हुतं. आन् दम बी दिलता, शैलीला कुनी बोललं तर त्याला गावाला एक फेरी." शाल त्यानं घेतली नाही. दोन्ही हातमोजे मात्र मला देऊन टाकले.

परवा रविवारी शाळेत कुणी नव्हतं. मी शिवणवर्ग उघडला, खिडकीपाशी उजेडात बसले आणि डावा मोजा मांडीवर घेतला. ड्रॉवरमध्ये विमलचं अर्धं ब्लेड अजून आहे, कागदात गुंडाळलेलं. फाडलेला मोजा शिवायचा नाही, असं मी ठरवलं होतं. फक्त दुमड उसवायची होती. दोन वाजता सुरुवात केली. टीप तिहेरी, दोरा पक्का, आतलं ब्लँकेट भिजून आणि वाळून आवळलेलं. एकेक टाका ब्लेडच्या टोकावर घेऊन तोडावा लागत होता. दोनदा बोट कापलं. माझी दहा बोटं धड आहेत, हाताखाली टेबल होतं, आमच्या गावचं उबदार ऊन होतं, आणि ती टीप माझी स्वतःची होती. तरी उसवून झालं तेव्हा सहा वाजून गेले होते, मैदानावरचा उजेड उतरला होता.

एका दुपारीत एकच होतो. तिला दुसरी दुपार मिळाली नाही.

दुमडीतला दोऱ्यांचा चुरा मी झटकला, कापड हातानं सपाट केलं आणि दोन्ही मोजे एकमेकांत घालून ड्रॉवरमध्ये तिच्या ब्लेडशेजारी ठेवले. मग खाली मैदानावर गेले, चपला काढल्या, पदर खोचला आणि एक फेरी मारली. डावा उद्या, असं ती म्हणाली होती. तो झाला, विमल.